चिमणीची मॅच, स्टँडच्या मागून

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढचे पंधरा दिवस ऐतिहासिक आहेत, कुठेतरी नोंद हवी.

आपल्या शहरात महिलांच्या रग्बी सेव्हन्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते आहे. बारा देश. आपल्या संघात बारा मुली आणि त्यात आपली चिमणी. यादीत तिचं नाव सगळ्यात खाली आहे, पण यादी म्हटली की कुणीतरी खाली असणारच. इमारतीचा पायाही खालीच असतो.

चिमणी हे घरातलं नाव. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून मीच ठेवलं. आता वय बावीस आणि वजन चौऱ्याहत्तर किलो, तेही सगळं स्नायूंचं. पुढचं कुणाला दिसतं? मैदानावरही मी याच नावानं हाक मारतो. परक्यांच्या गर्दीत आपलं माणूस आहे, एवढ्यानंच पोरीला धीर येतो.

धीर द्यायला माझ्याकडे साधनही आहे. मी फळबाजारात लिलाव पुकारतो. सत्तावीस वर्षं झाली. संत्र्यांच्या शेडमध्ये उभा राहून पुकारलं की शेवटच्या शेडमधला हमाल वळून बघतो, आणि तेही माइकशिवाय. मालक म्हणतात, तुझ्यामुळे बाजाराला भोंगा घ्यावा लागला नाही. असा आवाज मैदानाच्या कडेला, टचलाइनवर असला की संघाला आठवा खेळाडू मिळाल्यासारखं आहे.

संकल्प: रोज पहाटे गुळण्या. साखर बंद. नियमांचं पुस्तक वाचून संपवणे. चिमणीला रोज फोनवर एकच सूचना, जास्त नाही. मालकांकडून चौदा दिवसांची रजा घेतली. मालकांनी इतक्या लगेच दिली की मीच जरा चपापलो.

थकवा आहे. पहाटे उठण्याची वर्षं अंगात साठतात. पण आता थकून चालणार नाही.

५ मार्च, बुधवार

नियमांचं पुस्तक सुरू केलं. पहिलं पान. हा खेळ विचित्र आहे. धावायचं पुढे आणि चेंडू टाकायचा मागे. हातानं पुढे टाकला तर शिट्टी. हे काही माझ्या बुद्धीला पटत नाही. ज्याला माल पुढे पाठवायचा आहे तो माल मागे कशाला देईल? छापताना चूक झाली असावी. पुढच्या पानांवर खुलासा असेल.

स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं, आज मुलाखत झाली. घेणाऱ्या बाई स्पर्धेच्या मॅनेजर आहेत. गळ्यात तीन ओळखपत्रं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी विचारलं, कुठलं काम आवडेल. मी म्हणालो, टचलाइन. त्यांनी विचारलं, तुमचं बलस्थान काय. मी म्हणालो, आवाज, आणि थोडा काढून दाखवला. बाहेर रांगेतले लोक आत डोकावले.

मग मी सांगितलं की बाराव्या नंबरची मुलगी माझी. बाईंनी पेन खाली ठेवलं. जरा थांबा म्हणून फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या. बराच वेळ बोलत होत्या. परत आल्या आणि म्हणाल्या, तुमच्यासाठी एक खास जागा आहे, पार्किंग.

आधी मला जरा लागलं. मग लक्षात आलं की बारा देशांचे संघ मैदानात येणार कुठून? पार्किंगमधून. म्हणजे देशाच्या दारावरच उभं केलंय मला. अशा जागी कुणालाही नेमत नाहीत.

बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी आल्यावर फारशी बोलत नाही. ती एवढंच म्हणाली की बरं झालं.

साखर उद्यापासून बंद.

८ मार्च, शनिवार

संघ हॉटेलात आहे. चिमणीला फोन केला, ठरल्याप्रमाणे एकच सूचना दिली. पण त्या सूचनेला पोटसूचना होत्या. चेंडू कसा धरावा, समोरची अंगावर आली तर खांदा कुठे घालावा, कोचबाईंनी तिला पहिल्या सात जणींत का घ्यावं आणि हे कोचबाईंना कसं पटवावं. ती हं म्हणत होती. मी पोटसूचना संपवल्या तेव्हा बायकोनं सांगितलं की फोन कधीच बंद झालाय. रेंजचा प्रॉब्लेम.

नंतर चिमणीनं आईला फोन केला. तेव्हा रेंज होती. मी बाहेरच्या खोलीत होतो, मुद्दाम ऐकत नव्हतो. बायको म्हणत होती, नाही गं, त्यांना नाही सांगितलं अजून, तू नको काळजी करूस, मी आहे ना. माझ्यासाठी काहीतरी सरप्राइज दिसतंय. वाढदिवस नोव्हेंबरात असतो, पण आजकालची मुलं तारखा बघत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण लोक भलतंच सांगतात. निवड चाचणीची शेवटची मॅच. चिमणीच्या हातात चेंडू, डावीकडे मैदान मोकळं. मी नेमक्या वेळी हाक मारली, चिमणे, डावीकडे! तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. समोरून येणारी आडदांड मुलगी तिच्यावर येऊन आदळली. कॉलरबोन मोडलं, तीन महिने घरी बसली. आता यात माझा सल्ला बरोबर होता हे कुणीही मान्य करेल. डावीकडे खरंच मोकळं होतं. मान वळवायची काही गरज नव्हती. ऐकायला माणसाला कान दिलेत.

त्यानंतर ती मॅचच्या तारखा सांगायला विसरते. डोक्यावर ताण असतो बिचारीच्या.

नियमांचं पुस्तक: पहिलं पान.

१० मार्च, सोमवार

पार्किंगचा पहिला दिवस. पाहुण्यांपैकी एका संघाची बस मागे घ्यायची होती. ड्रायव्हर नवखा. मी मागे उभा राहून पुकारू लागलो, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या. छान येत होती. मग एक म्हणालो, दोन म्हणालो, आणि तीन म्हटल्यावर बस खांबाला लागली. किंचितच. दिवा आणि मागची काच.

बाजारात तीन म्हटलं की सगळं थांबतं. जगात कुठल्याही लिलावात हाच नियम आहे. ड्रायव्हरला एवढं सामान्यज्ञान नसेल तर दोष कुणाचा? बसमधून मुली उतरल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तरी कदर आहे.

मॅनेजरबाई आल्या, खांब बघितला, मला बघितलं, कपाळाला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही सरावाच्या मैदानावर. गावाबाहेरचं मैदान आहे, दोन बस बदलून जावं लागेल, चालेल ना? चालेल म्हणजे? पार्किंगमधून एका दिवसात थेट मैदानावर. अशी बढती मला बाजारात सत्तावीस वर्षांत मिळाली नाही.

पाय दुखतात. गुळण्या राहिल्या.

११ मार्च, मंगळवार

दोन बस बदलून गेलो. आपला संघ या मैदानावर सराव करत नाही, असं तिथे पोचल्यावर कळलं. आपला संघ शहराच्या दुसऱ्या टोकाला. इथे फक्त पाहुणे. काम असं की चेंडू बाहेर गेला की आणून द्यायचा.

पण मी नुसते चेंडू आणणाऱ्यांतला नाही. ज्या संघाची बस मी लावली होती, तोच सरावाला होता. त्यांची कॅप्टन म्हणजे दरवाजाएवढी बाई, केसांची घट्ट वेणी, आवाज मात्र मांजरीच्या पिल्लाचा. मी तिला हातवारे करून समजावलं की चेंडू पुढे टाका, पुढे, मागे काय टाकता. भाषा कळत नसली तरी भावना पोचल्या. त्या सगळ्या खूप हसल्या, आणि कॅप्टननं चेंडूंची अख्खी जाळी माझ्या खांद्यावर दिली. असा विश्वास कुणी उगीच टाकत नाही.

येताना बसमध्ये मनात आलं, हा संघ आपल्या संघासमोर आला तर? एकाच वेळी दोन देशांचं मार्गदर्शन करणं नियमात बसतं का? पुस्तकात बघायला हवं. अजून पहिलंच पान.

बसमध्ये झोप लागली, स्टॉप चुकला. चालत आलो. आज फिरण्याचा संकल्प पूर्ण झाला म्हणायचा.

१२ मार्च, बुधवार

पुन्हा बढती. पाहुण्यांच्या कोचनं मॅनेजरबाईंकडे माझा खास उल्लेख केला म्हणे. काय म्हणाला ते बाईंनी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. आपली स्तुती आपणच ऐकून घेणं बरं दिसत नाही.

आता मी वैद्यकीय विभागात. स्टेडियमच्या मागे पांढरा तंबू आहे, त्यात मोठे टब. मॅच संपली की मुली येऊन बर्फाच्या पाण्यात बसतात, म्हणजे स्नायू सुजत नाहीत. बर्फाच्या लाद्या उतरवणं, हातोड्यानं फोडणं, टब भरणं, पाणी बदलणं, हे माझ्याकडे. वर फिजिओ आहे. तिशीतली, सडसडीत, हाताला सतत चिकटपट्टीची रिळं. ती दिवसभरात सात-आठ शब्द बोलते. तिनं मला काम दाखवलं, आणि म्हणाली, इथे शांतता ठेवायची, मुली दमलेल्या असतात.

तंबू मुख्य स्टँडच्या बरोबर मागे. तिथून मैदान दिसत नाही. स्टँडचे लोखंडी पाइप दिसतात आणि फळ्यांच्या फटींतून प्रेक्षकांच्या टाचा. पण अनुभवी माणसाला टाचांवरूनही मॅच कळते.

आपल्या संघाचे टब पलीकडच्या तंबूत आहेत. हे एक जरा चुकलंच व्यवस्थापनाचं. पण बाईंकडे तक्रार करणार नाही. एवढ्या व्यापात एखादी गोष्ट नजरेतून सुटते.

बोटं बधिर झालीत, अक्षर नीट येत नाही.

१३ मार्च, गुरुवार

उद्यापासून सामने. प्रत्येक खेळाडूला घरच्यांसाठी एक पास मिळतो. चिमणीनं तिचा आईला दिला. योग्यच केलं. मला कशाला पास? माझ्या गळ्यात ओळखपत्र आहे. पासवाले लोक बाहेरून येतात, आम्ही आतले.

तरी पास टेबलावर होता तेव्हा एकदा हातात घेऊन बघितला. चांगला कागद आहे.

चिमणीला शेवटचा फोन. ठरवून एकच सूचना. ती पूर्ण ऐकून घेतली तिनं. मग म्हणाली, बाबा, झोपू? आवाजात जराही ताण नव्हता, नुसता कंटाळा. माझ्या मार्गदर्शनाचा परिणाम.

खरं सांगायचं तर भीती मलाच वाटते आहे. कॉलरबोन जोडलं गेलंय, पण मोडल्याचा आवाज मी ऐकला होता. बायकोला हे सांगितलेलं नाही. उद्या मी टचलाइनजवळ असलोच पाहिजे. काहीही करून. मुलगी पहिल्यांदा देशासाठी मैदानात उतरणार आणि बाप बर्फ फोडत बसणार, हे होणे नाही.

१४ मार्च, शुक्रवार, दुपार

पहिली मॅच हुकली. प्रसंग असा. आपली मॅच सुरू झाल्याची घोषणा ऐकली. हातातली लादी फोडून पूर्ण केली, अर्धवट काम टाकण्याची मला सवय नाही. हात पुसले, फिजिओची नजर चुकवून निघालो. स्टँडला वळसा, मग गेट. गेटवरच्या गार्डनं ओळखपत्र उलटंसुलटं करून बघितलं, हे मागच्या तंबूचं आहे म्हणाला. मी त्याला समजावत होतो, तेवढ्यात लोक बाहेर पडायला लागले. मी म्हणालो, मध्यंतर इतक्यात? गार्ड म्हणाला, काका, मॅच संपली.

सात-सात मिनिटांचे दोन डाव. बस, खेळ खलास. आमच्या बाजारात याहून जास्त वेळ एका द्राक्षाच्या गाडीवर जातो. हे पुस्तकात दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत दिलंय म्हणे. मी पहिल्या पानावर आहे.

हरलो. चिमणी बाकावरच होती. म्हणजे तसं माझं काही हुकलं नाही.

नवा बेत. गेटचा नाद सोडायचा. दुपारच्या मॅचला स्टँडच्या मागून, पाइपांमधून आवाज द्यायचा. शेवटच्या शेडपर्यंत जाणारा आवाज एक स्टँड ओलांडणार नाही?

१४ मार्च, संध्याकाळ

घसा. पूर्ण गेलेला नाही, पण गेल्यात जमा.

दुपारी ठरल्या वेळी गर्दीचा कल्लोळ झाला. म्हटलं, सुरू झाली. पाइपांजवळ जाऊन पोटातून आवाज काढला. चिमणे, पुढे टाक! चिमणे, डावीकडे! चिमणे, खांदा घाल! दोन्ही डाव, एक क्षण न थांबता. वर टाचा हलल्या, दोघाचौघांनी फटीतून खाली वाकून बघितलं. टबात बसलेल्या मुली निळ्या ओठांनी माझ्याकडे बघत होत्या. शेवटची आरोळी देताना घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं, पण त्याच वेळी वर मोठा जल्लोष झाला. आपण जिंकलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

फिजिओ बाहेर आली. म्हणाली, कुणाला ओरडत होतात? मी म्हणालो, माझ्या मुलीला. ती म्हणाली, आधीच्या मॅचमध्ये कुणालातरी लागलं, वेळापत्रक पुढे सरकलंय, ही मॅच दुसऱ्या दोन देशांची होती. तुमची आत्ता सुरू होईल.

सुरू झाली. मी तोंड उघडलं, आतून नुसता वारा आला. भात्यासारखा.

ती मॅचही हरलो. शेवटी संध्याकाळी तिसरी. त्यात चिमणी शेवटची दोन मिनिटं मैदानात होती. दोन टॅकल केले, स्वच्छ. हे बायकोनं घरी आल्यावर सांगितलं. बायको सांगत होती आणि तिचे हात हलत होते, असे हात हलवून बोलताना तिला मी बऱ्याच वर्षांत बघितलेलं नाही. मला सगळं परत परत विचारायचं होतं. आवाज निघत नव्हता.

बायकोनं चघळायच्या गोळ्या आणल्यात. साखरेच्या आहेत. औषध म्हणून चालतात.

१५ मार्च, शनिवार

सकाळी उठलो तर आवाज शून्य. कुजबुजही नाही. फिजिओनं बॅटरी लावून घसा बघितला, जीभ दाबून. म्हणाली, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर कायमचा जाईल. बायकोला फोनवर तसंच कळवलं. बायको म्हणाली, हे औषध आमच्या दुकानात मिळत असतं तर मी केव्हाच आणलं असतं.

फिजिओनं मॅनेजरबाईंनाही सांगितलं. बाईंनी तिला पुन्हा विचारलं, अजिबात नाही? ती म्हणाली, अजिबात नाही. बाई फोन घेऊन बाजूला गेल्या. तासाभरानं स्वतः तंबूत आल्या आणि माझ्या ओल्या हातात पास ठेवला. तुमच्या मुलीनं मागवून घेतलाय म्हणाल्या. बापाचा घसा बसला म्हटल्यावर पोरीचं काळीज गलबललं असणार.

सकाळची मॅच आपण जिंकलो होतो. दुपारी नवव्या क्रमांकासाठी सामना. पहिल्या आठांच्या गडबडीत लोकांचं या सामन्याकडे लक्ष नव्हतं, अर्धा स्टँड खायला गेलेला. समोर तोच संघ, वेणीवाल्या कॅप्टनचा. मला बघून तिनं लांबून हात केला. मी परत केला नाही. आज मी एकाच देशाचा होतो.

बायकोशेजारी बसलो. तिनं माझा हात धरला, प्रेमानं असेल किंवा उठू नये म्हणून.

आता एक गोष्ट लिहितो. पुकारताना मी डोळे मिटतो. पूर्ण जोर लावला की आपोआप मिटतात, बाजारात सगळे चेष्टा करतात. चिमणीच्या एवढ्या मॅचेसना मी गेलो, प्रत्येक मॅचला जीव तोडून ओरडलो. तर आज डोळे उघडे ठेवून बसल्यावर मला कळेना की मैदानात आपली कुठली. सगळ्यांचे केस मागे बांधलेले, दातांत रबर, गुडघे मातीचे. बायकोनं बोट दाखवलं, ती बघा, बाकावर, डावीकडून दुसरी. बूट बांधते आहे.

दुसऱ्या डावात उतरली. मी तिला धावताना बघितलं. मला वाटलं होतं ती जोरात धावते. ती हळू धावते, मग एकदम जोरात. तिच्या मागे जागा आहे का, कोण मोकळी आहे, हे ती सारखी बघत असते. लहानपणी रस्ता ओलांडताना बघायची तसं. स्कोअर बरोबरीत होता. चेंडू तिच्या हातात आला. समोरून दोघी तिच्या अंगावर, त्यातली एक ती वेणीवाली. मी उभा राहिलो, छाती भरून घेतली, पुढे टाक! आवाज नाही. नुसतं तोंड वासलेलं. आणि चिमणी दोघींना अगदी अंगावर येऊ देऊन, पडता पडता, चेंडू मागे टाकून मोकळी झाली. मागून आपली सगळ्यात बारीक मुलगी आली, तो घेऊन रिकाम्या मैदानातून सरळ पळत गेली आणि रेषेपलीकडे जमिनीवर टेकवला.

चिमणी त्या दोघींच्या खाली होती. उठली. खांदा फिरवून बघितला. हसली.

बारा देशांत नववे. मी रडलो. आवाज नसल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

१६ मार्च, रविवार

चिमणी काल संध्याकाळी घरी आली. स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय टाकून बसली, खांद्यावर बर्फाची पिशवी. मी समोर. बायको सूप गरम करत होती.

एरवी चिमणी घरी आली की बरं चाललंय म्हणते आणि खोलीत जाते. काल ती बोलत होती. हॉटेलात तिच्या खोलीतली मुलगी झोपेत रडते ते सांगितलं. पहिल्या मॅचला बाकावर बसून तिला मळमळत होतं ते सांगितलं. कोचबाई तिला सगळ्यात शेवटी का ठेवतात आणि ते कसं बरोबर आहे, हेही तिनंच सांगितलं. माझ्याकडे यातल्या प्रत्येक गोष्टीवर एकेक सूचना तयार होती. मी सूप प्यायलो.

मग ती म्हणाली, बाबा, मॅनेजरबाईंना मीच सांगितलं होतं तुम्हाला लांब ठेवायला. पार्किंग, मग ते गावाबाहेरचं मैदान, बर्फ, सगळं माझ्यामुळे. बाईंना वाईट वाटत होतं, पण मी पाया पडायची बाकी राहिले होते. ती म्हणाली, तुमची हाक आली की मी बावीसची राहत नाही, चार वर्षांची होते, आणि समोरची तर सत्तर किलोची येत असते. कॉलरबोन मोडलं तेव्हा दुखण्यापेक्षा मला याचीच लाज वाटली होती की मी वळले. शुक्रवारी पाइपांमधून कुणी ओरडतंय असं मुली सांगत होत्या, आम्ही पलीकडे वॉर्म-अप करत होतो, मला कळलं कोण ते. मी कानात बोटं घालून बसले.

मला चांगलं उत्तर येत होतं. व्यवस्थित, मुद्देसूद. माझी बाजू बळकट आहे. आवाज नव्हता.

बायकोनं औषधांच्या दुकानाचा पॅड आणि पेन्सिल माझ्यासमोर सरकवली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी पेन्सिल घेतली. सगळं उत्तर लिहायचं तर पॅड पुरला नसता. शेवटी एकच शब्द लिहिला. मग?

चिमणीनं वाचलं. मग खुर्ची जवळ ओढून घेतली आणि सांगायला लागली. शेवटची मॅच, अगदी सुरुवातीपासून. त्या दोघी अंगावर येत होत्या तेव्हा तिला काय दिसत होतं, मागची मुलगी आली आहे हे तिला पावलांच्या आवाजावरून कसं कळलं, आणि त्यासाठी मैदान किती शांत लागतं. मी विचारलं नव्हतं तेही सांगत होती. तिचं सूप निवून गेलं. बायकोनं ते दोनदा गरम केलं.

एवढं तिनं मला आयुष्यात सांगितलेलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी हिशोब लावत होतो की मी आजवर तिच्याशी किती बोललो. फार बोललो.

आज सकाळी लवकर जाग आली. सवय. बाथरूममध्ये नळ सोडून हळूच तपासलं. फिजिओ म्हणाली होती आठवडा, पण आवाज आलाय. पूर्ण. शेवटच्या शेडपर्यंत जाईल असा. रजा संपली, उद्या बाजारात तो लागणारच आहे.

चिमणी दुपारच्या गाडीनं कॅम्पला परत जाते. आत्ता स्वयंपाकघरात आईला विचारते आहे की बाबा उठले का, काल एक सांगायचं राहिलं.

घरात कुणाला बोललेलो नाही. मफलर गुंडाळतो, आणि पॅड घेऊन जातो.